उखाणा गाईपर्यंत आला

बेळंबीच्या बसम्माचा गुडघा तीन वर्षं दुखत होता आणि त्या दुखण्याशी गुडघ्याचा काडीचाही संबंध नव्हता. लग्नाचं बोलावणं आलं की गुडघा. बारशाचं आलं की गुडघा. एरवी त्याच गुडघ्यावर रेलून ती रोज उजाडायच्या आत चुलीपुढं बसायची आणि पापडासारख्या कडक भाकऱ्यांची चवड रचायची. तिचा नवरा संगप्पा त्या चवडी फडक्यात बांधून जीपनं सोलापूरला न्यायचा आणि शुक्रवार पेठेतल्या दुकानात उतरवायचा. त्या वेळी गुडघा चकार शब्द काढत नसे.

खरी तक्रार होती छातीची. घागर उचलली की दम, ओट्याची पायरी चढली की दम, सुनेला रागवायला तोंड उघडलं की वाक्याच्या मध्येच दम. आणि अर्धवट रागावल्याचा सुनेवर काय परिणाम होतो ते सगळ्या सासवांना ठाऊक आहे. पण दम लागतो असं चारचौघींत सांगणं म्हणजे आपण संपलो असं सांगणं. गुडघ्याचं तसं नाही. गुडघा सगळ्यांचाच दुखतो, त्यात कुणाची अब्रू जात नाही.

बसम्माची अब्रू मात्र श्वासातच होती.

बेळंबी अक्कलकोटच्या खालच्या अंगाला. निम्मं गाव मराठीत भांडतं आणि कन्नडमध्ये मिटवतं. दोन्ही भाषांतल्या बायकांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की उखाणा घ्यावा तर बसम्मानं. तिचा उखाणा गावाच्या वेशीपासून निघायचा आणि एका दमात घरात पोचायचा. वेशीत नंदी, नंदीपुढं पार, पारामागं गल्ली, गल्लीला फाटक, फाटकात अंगण, अंगणात दावण, दावणीला गाय, गाईमागं ओटा, ओट्याला पायरी, पायरीवर उंबरा, उंबऱ्याआत सोपा, सोप्यात झोपाळा, झोपाळ्याआड माजघर, माजघरात चूल, चुलीवर तवा, तव्यावर भाकरी, भाकरीला लोणी, लोण्यापुढं पाट, आणि पाटावर बसलेले भुकेले संगप्पा. मध्ये कुठं श्वास घेतला तर बायका ‘तुटला’ म्हणून ओरडायच्या. बसम्माचा उखाणा कधी तुटला नव्हता. तुटायची पाळी आली तेव्हा गुडघा दुखायला लागला.

दोन ओळींचा उखाणा घ्यायला कुणाची ना नव्हती. पण दोन ओळींचा उखाणा कालच्या पोरींनी घ्यावा, असं तिचं मत. शिवाय तिच्या डोक्यात साऱ्या गावाचा जमाखर्च होता. कोण कुणाच्या हळदीला आलं नाही, कुणाच्या जावयानं पंगतीत काय मागितलं, कुणाचा उखाणा कुठल्या लग्नात कुठल्या शब्दावर तुटला, सगळं तारीखवार. दुसऱ्याचं ती काही विसरत नसे, त्यामुळं आपलं कुणी विसरेल अशी तिला आशा नव्हती.

या सगळ्यात बुडाला तो संगप्पा. उखाण्याबाहेर बसम्मा नवऱ्याचं नाव घेत नसे. ‘ते’ म्हणायची, ‘भाकरीवाले’ म्हणायची, बँकेत साहेबानं विचारलं तर शेजारणीला कोपरानं ढोसून तिच्याकडून वदवायची. म्हणजे तीन वर्षांत बायकोच्या तोंडून संगप्पानं आपलं नाव ऐकलं नव्हतं. तो तसं बोलून दाखवत नसे; पण दुसऱ्यांच्या लग्नात बायका नाव घ्यायला उभ्या राहिल्या की उठून बैलांना पाणी पाजायला जाई. परक्या बैलांना.

मग नात शिवलीलेचं ठरलं. मुलगा अमरेश, शिरगुंडीचा. पोरगा बरा, घर बरं. अडचण एकच, त्याची आजी दानम्मा. शिरगुंडीचं आणि बेळंबीचं एक जुनं होतं. पहिली पंगत कायम वरपक्षाची, ती कुठंही तशीच. पण या दोन गावांत सोयरीक झाली तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी मांडवात उखाणा घ्यायचा आणि जिचा एका दमात लांब जाईल तिच्या बाजूनं आधी जेवायचं. दानम्माचा उखाणा शिवारातून निघायचा, तोही लांब जायचा. साखरपुड्यात ती शालू सावरत बसम्माजवळ येऊन टेकली.

“तुमच्या उखाण्याचं लई ऐकलंय, ईनबाई,” दानम्मा म्हणाली. “पर आता वय झालं की. नुसतं नाव घिटलं तरी आमी चालवून घिऊ.”

चालवून घेऊ. बसम्मानं हे दोन शब्द डोक्यात लाल शाईनं लिहून ठेवले.

“चालवून कशाला घेता,” ती म्हणाली. “पळवून दावते की.”

परतीच्या जीपमध्ये संगप्पा म्हणाला, “गुडघ्याचं काय करायचं मग?”

“गप बसा,” बसम्मा म्हणाली, आणि एवढं म्हणायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

तसं औषध घरात होतं. पावसाळ्यात फारच धाप लागली तेव्हा संगप्पा तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला होता. तिथं सांगितलं, सीओपीडी. बिडी न ओढता, नुसत्या चुलीच्या धुरानं फुफ्फुसं खराब झाली आहेत. पावडरचा पंप दिला: बोटाएवढी नळी, तिच्यात कॅप्सूल घालायची, पिळायची, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायची. बसम्मानं एक दिवस चुकवला नाही. गुण मात्र तिळभर नव्हता, आणि दोष तिनं सरकारला देऊन टाकला होता.

साखरपुड्यानंतरच्या आठवड्यात उपकेंद्रातली प्रतिक्षा घरी आली. करमाळ्याकडची पोरगी, नुकतीच नेमणूक झालेली. तिच्या पदाचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर दोन ओळी लागल्या होत्या. गावानं त्याचं ‘सिस्टर’ करून टाकलं होतं. ती आली होती संगप्पाचा बीपी बघायला. पण घरात कुणी शिकलेलं माणूस आलं की आपण किती शहाण्यासारखं वागतो ते दाखवायची बसम्माला हौस. तिनं पंप आणला. कॅप्सूल घातली, पिळली, खट् वाजलं. नळी ओठांत धरली, गाल फुगवले, आणि चुलीतला निखारा पेटवावा तशी पोटातून सणसणीत फुंकर मारली.

पांढऱ्या पावडरीचा ढग निघाला आणि समोर बसलेल्या संगप्पाच्या तोंडावर जाऊन बसला. संगप्पानं डोळे आधीच मिटून घेतले होते. त्यानं शांतपणे धोतराच्या सोग्यानं मिशा पुसल्या.

“रोजचं हाय,” तो म्हणाला.

प्रतिक्षानं बीपीचं यंत्र खाली ठेवलं. हसू नये म्हणून तिनं आधी छपराकडं बघितलं, मग गाईकडं बघितलं, आणि गाईकडं बघून तिचं उरलंसुरलं बळही गेलं. ती ओट्यावर बसली आणि ओढणीत तोंड घालून हसली.

“आज्जी, हे कधीपासून असं?”

“पावसाळ्यापासनं. एक दिवस खाडा न्हाय.”

“मग एवढं औषध घेतलं कुणी?”

सगळ्यांनी संगप्पाकडं बघितलं.

“तरीच,” संगप्पा म्हणाला. “माजा खोकला लई कमी झालाय.”

“आज्जा, तसं होत नसतं.”

“हुत नसतं कसं? झालंय की.”

बसम्मा आता चिडली. “हे बघ सिस्टर, सोलापुरात त्या मशीनची नळी तोंडात दिली आन् म्हनले फुंका, आजून फुंका, थांबू नका, फुंका. मी आसं फुंकलं की ते मशीनवालं पोरगं मागं सरकलं. मग निघताना ही बारकी नळी दिली. साठ वर्सं फुंकणी धरलीया मी. नळी तोंडाला लावली की मानूस फुंकतंय. मोठीत फुंकायचं आन् बारकीत वढायचं, हे कुनी सांगावं?”

“मोठीत तपासणी होती. औषध बारकीत. सांगितलं असणार की डॉक्टरांनी.”

सांगितलं होतं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, हातवारे करून. पण नेमक्या त्याच वेळी शेजारच्या बाकावर एक बाई येऊन बसली होती आणि तिच्या अंगावरची साडी बसम्मानं ओळखली होती. ती बसम्मानंच कुणाला तरी आहेर केलेली साडी होती, घडीही न मोडता चार घरं फिरून सोलापूरपर्यंत आलेली. ती कुठून कुठं गेली असेल याचा मेळ लावण्यात फुफ्फुसांचा विषय मागं पडला. हे अर्थात तिनं प्रतिक्षाला सांगितलं नाही.

प्रतिक्षानं रिकामी नळी घेऊन शिकवायला सुरुवात केली. आधी तोंड बाजूला करून श्वास बाहेर सोडायचा, नळीत नाही. मग नळी ओठांत घट्ट धरायची आणि जोरात आत ओढायचं.

“आमटीचा भुरका मारता तसा. आता तोंड मिटून धरून ठेवा, जमेल तेवढं. आता सोडा. चूळ भरा.”

बसम्मानं भुरका मारला. खोकली. पुन्हा मारला. संगप्पानं सवयीनं डोळे मिटले होते. काहीच तोंडावर आलं नाही तसे त्यानं एक-एक करून उघडले, आणि त्याचा चेहरा थोडा उतरल्यासारखा दिसला.

“आता बरी होईन का?” बसम्मानं विचारलं.

“बरा होणारा आजार नाही, आज्जी. पण नीट वागवला तर घरात गुपचूप पडून राहील.”

“मामांजींसारखा,” सून आतून म्हणाली.

बसम्माला त्यावर बोलायचं होतं, पण तिला त्याहून महत्त्वाचं विचारायचं होतं. तिनं नवऱ्याला बैलाचं काहीतरी बघायला पाठवलं, आणि हळू आवाजात प्रतिक्षाला सगळं सांगितलं. उखाणा, दानम्मा, पंगत, चालवून घेऊ. “वैशाखात लगीन हाय. एका दमात जाईल का?”

प्रतिक्षाला असल्या प्रश्नाचं प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं. ती म्हणाली, “म्हणा बघू.”

बसम्मा वेशीतून निघाली. नंदी झाला, पार झाला, गल्ली झाली, आणि फाटकाच्या पहिल्या अक्षरावर तिचा श्वास संपला. फाटकाला हात लावून ती उभी, आणि घर आत.

“ठीक आहे,” प्रतिक्षा म्हणाली. “आजचा आकडा फाटक. आता मला वेगळं काही विचारायला नको. औषध घेतलं का, धूर टाळला का, सगळं मला उखाण्यावरनं कळेल.”

मग जे सुरू झालं त्यानं गल्लीची करमणूक झाली. रोज सकाळी बसम्मा ओट्यावर बसून नाकानं श्वास घ्यायची आणि ओठांचा चंबू करून बशीतला चहा निववावा तसा हळू सोडायची. समोरच्या घरातून विचारणा व्हायची, कुणावर रुसलीया म्हातारी. मग ती वेशीपर्यंत चालत जायची, नंदीजवळ टेकायची, चंबू करायची, परत यायची. आठ दिवसांत सगळ्या गल्लीला कारण कळलं, कारण सुनेला कळलं होतं. त्यानंतर कुणी ‘जेवलीस का’ असं विचारेना.

“आज कुटवर, अक्का?”

“आंगनापत्तोर.”

“काल बी आंगनच हुतं की.”

“काल कडंला हुते. आज मदी हाय.”

धुरावरून मात्र तंटा झाला. प्रतिक्षाचं म्हणणं, गॅस वापरा. घरात सिलेंडर होता. त्याला कशिद्याचं झाकण घालून कोपऱ्यात पाहुण्यासारखा उभा केला होता आणि पाहुणे आले की त्यांच्या चहापुरता तो पेटायचा.

“ग्यासवरची भाकरी कडक हुईत न्हाय,” बसम्मा म्हणाली. “रुसल्यावानी वाकती. पेठंतला दुकानदार माज्या तोंडावर फेकंल.”

दोन दिवस बोलणी चालली. घरचा स्वयंपाक गॅसवर, एवढं सुनेनं लगेच मान्य करून टाकलं; तिला ते लग्न होऊन आल्यापासून मान्य होतं. विकायच्या भाकऱ्यांसाठी माजघरातली चूल उपटली आणि अंगणात, चारी बाजूंनी मोकळ्या पत्र्याच्या शेडखाली नव्यानं घातली. वर धुराडं बसवलं. लाकडं वाळलेली, वारा पाठीकडून, आणि फुंकणी बसम्मानं हातात धरायची नाही. माजघराच्या काळ्या भिंतीला चुना लागला तेव्हा तिथं एक खिडकी आहे हे शिवलीलेला पहिल्यांदा कळलं.

उरली संगप्पाची बिडी. तो म्हणाला, मी एकच ओढतो, तीही कधीमधी.

“वढा की,” बसम्मा म्हणाली. “पर उखाना जितनं सुरू हुतुय तितं जाऊन वढा. नंदीपशी.”

थंडीच्या दिवसांत वेशीपर्यंत चालत जायचं आणि वर पाराच्या कट्ट्यावरच्या मंडळींचं ऐकून घ्यायचं, यात बिडीची गोडी फार टिकली नाही. आठवड्याला एखादी राहिली. तेवढ्यानंही त्याचा खोकला आणखी कमी झाला. श्रेय त्यानं पावडरीलाच दिलं.

काही सरळ रेषेत चाललं होतं असं नाही. पौषात धुकं पडलं आणि बसम्माला सर्दी झाली, तर ती गाईपासून मागं येत येत पुन्हा नंदीपाशी जाऊन बसली. उपकेंद्रातल्या कॅप्सूल संपल्या, वरून येईनात. तेव्हा संगप्पा भाकऱ्या उतरवून झाल्या की सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहू लागला. रांगेत त्यानं बऱ्याच जणांना सल्ला दिला, की नळीत फुंकू नका आणि फुंकायचंच असेल तर समोर कुणाला तरी बसवा. पण माघात बसम्मा ओट्यावर चढली. फाल्गुनात उंबरा ओलांडला. चैत्रात एका संध्याकाळी ती झोपाळ्यापर्यंत पोचली आणि समोरच्या घरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“आता हाय किती,” संगप्पा म्हणाला. “लवकर ये. मला भूक लागलीया.”

तो हसत म्हणाला, पण बसम्मानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला बैलांना पाजलेलं सगळं पाणी एकदम आठवलं. तिच्या डोक्यातल्या जमाखर्चात हे खातं कधी उघडलंच गेलं नव्हतं. त्या रात्री तिनं स्वतःशीच ठरवलं, दानम्मा पहिल्या पंगतीला बसली तर बसू दे, पण या माणसाच्या पाटापर्यंत जायचंच. सकाळी उठल्यावर तिला वाटलं, पंगतही का सोडायची. झोपाळ्यापुढं मात्र ती एकदाही गेली नाही.

लग्नाच्या दिवशी सगळंच तिच्या विरुद्ध होतं. हलगीवाल्यांनी धुरळा उडवला, भटारखान्यातून फोडणी आली, मांडवामागं जनरेटर काळ्या पिचकाऱ्या सोडत होता. बसम्मानं सकाळी पंप घेतला होता, वाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकली होती, कमरेला धाप लागल्यावर घ्यायचा दुसरा पंप खोचला होता. प्रतिक्षा इरकली नेसून आली होती. दर थोड्या वेळानं ती जवळून जाताना ‘चंबू’ एवढंच म्हणायची.

अक्षता पडल्या. बायकांनी रिंगण केलं. पहिली दानम्मा उठली. शिवारात विहीर, विहिरीवर जांभूळ, जांभळीखाली बांध, बांधापल्याड जोंधळा, जोंधळ्याला कणीस, कणसावर पाखरू... उखाणा तुरुतुरु चालला होता. थवा झाला, बुजगावणं झालं, आणि शेवटी माळ्यावर गोफण घेऊन उभे असलेले वीरभद्रप्पा आले, तेही एका दमात. नावाचं शेवटचं अक्षर जरा बारीक ऐकू आलं, एवढंच. शिरगुंडीकरांनी टोप्या सरळ केल्या. निकालाची वाट न बघता त्यांची पुरुष मंडळी पत्रावळींकडं सरकली आणि बसलीसुद्धा. वीरभद्रप्पा सगळ्यांत पुढं. वाढपी गव्हाच्या खिरीची, हुग्गीची बादली घेऊन निघाले.

“आता तुमी, ईनबाई,” दानम्मा म्हणाली. “सावकास.”

बसम्मा उठली. संगप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याला जायला आज बैल नव्हते. वऱ्हाड ट्रॅक्टरनं आलं होतं.

तिनं श्वास घेतला आणि निघाली. वेशीत नंदी, नंदीपुढं पार, पारामागं गल्ली. छान चाललं होतं. गल्लीला फाटक म्हणताना जनरेटरनं एक ढेकर दिला आणि तो धूर अंगणात तिच्याबरोबरच शिरला. अंगणात दावण. दावणीला गाय. आणि गाईपाशी तिला कळलं, की आतल्या श्वासात आता ओटा नाही, पायरी नाही, सोपा नाही. चार-सहा शब्द असतील नसतील. पुढं सगळं घर पसरलेलं, आणि पाट पार पलीकडं माजघरात.

माजघरात? चूल तर अंगणात होती. तिनंच मांडून घेतली होती.

“गाईपुढं चूल,” बसम्मा म्हणाली, “चुलीवर भाकरी, पाटावर संगप्पा, घरात कुनी न्हाय.”

आणि खुर्चीवर बसली.

बेळंबीच्या बायकांतून कुणीतरी खुदकन हसलं, आणि तिथून ते हसू मांडवाच्या कापडाला आग लागावी तसं पळत सुटलं. ज्यांना उखाणा माहीत होता त्या हसल्या, माहीत नव्हता त्या हसणाऱ्यांना बघून हसल्या. शिवलीला मुंडावळ्या सावरत हसली. अमरेशला काही कळलं नाही, पण आता सवय करून घ्यायला हवी म्हणून तोही हसला.

“हे काय,” दानम्मा म्हणाली. “वटा कुटाय? सोपा कुटाय? तुमचा उखाना माजघरात जातोय. मी दहा जनींकडनं ऐकलंय.”

बसम्मा चंबू करून श्वास सोडत होती. उत्तर तिनं हप्त्याहप्त्यानं दिलं.

“चूल... आंगनात हाय. सिस्टरला इचारा.” पुन्हा चंबू. “आन् नवरा घावल्यावर... घर कशाला हिंडू?”

संगप्पा खांब सोडून पुढं आला होता. त्याचे कान लाल झाले होते.

“मला नीट ऐकू आलं न्हाय,” तो म्हणाला. “शेवटचं जरा परत घे की.”

“कान तपासून घ्या,” बसम्मा म्हणाली. “सिस्टर हितंच हाय.”

त्यावर दानम्मा हसली. तिला हसायचं नव्हतं, ती लांबीचा मुद्दा काढणार होती आणि मुद्दा तिच्याच बाजूचा होता. पण हसू आलं, मोठं आलं, आणि हसता हसता त्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. ती तोंडाला पदर लावून मांडवाच्या मागं निघाली, जनरेटरपासून लांब, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. सगळ्यांना वाटलं, विहीणबाई रुसल्या. बसम्माला तसं वाटलं नाही. ती मागोमाग गेली, हळूहळू, मध्ये एकदा टेकून.

दानम्मा टाकीला पाठ लावून, दोन्ही हात मांड्यांवर रोवून वाकली होती. खांदे वरखाली होत होते. प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती.

“शालू लई जड हाय,” ती म्हणाली.

“शालूला शिट्टी वाजत न्हाय, ईनबाई.”

दानम्माला बोलायला श्वास नव्हता. बसम्मा तिच्यासमोर उलट्या घमेल्यावर बसली आणि म्हणाली, “माज्याकडं बघा. नाकानं घ्या. आता चंबू. चा निवतोय आसं. घाई न्हाय, चा लई गरम हाय.”

दोघी म्हाताऱ्या टाकीआड समोरासमोर ओठांचे चंबू करून बसल्या. पाणी न्यायला आलेला आचारी त्यांना बघून आल्या पावली परत गेला. हळूहळू शिट्टी बारीक झाली. दानम्मानं डोळे पुसले आणि पहिली नजर बसम्माच्या कमरेला खोचलेल्या पंपावर टाकली.

“ते दे की जरा.”

“दुसऱ्याचं घिऊ नी. आदी तपासनी लागती. मशीन आसतंय, सिस्टर सांगती सगळं.”

“तुला किती वर्सं झाली?”

“तुमाला?”

दानम्मानं शालू झटकला.

“मला घिऊन चल मग. सोलापूरला. पर आमच्यात कुनाला कळाय नगं.”

“चलते की,” बसम्मा म्हणाली. “सोमवारी जीप जाती. तपासताना फुडं बसते, डॉक्टर काय म्हनतो ते ध्यानात ठिवते. कुनाला सांगत न्हाय.” मग तिनं टाकीच्या कडेनं मांडवात बघितलं. शिरगुंडीची रांग पत्रावळींवर आडवी पसरली होती, हुग्गीवर तुपाची धार चालली होती, आणि बेळंबीची माणसं पोटावर हात ठेवून बाजूला उभी होती. “फकस्त ती पंगत,” ती म्हणाली.

दानम्माच्या नजरेत एक प्रकारचा आदर आला. व्यवहारातलं माणूस व्यवहारातल्या माणसाला ओळखतं तसा.

“ह्येच्यासाटी मागं आलतीस?”

“न्हाय. शिट्टी ऐकून आलते. पंगत आता सुचली.”

दानम्मा उठली. केस नीट केले, पदर खांद्यावर चापून घेतला आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आवाज तिनं जपून काढला, पण तो सगळीकडं पोचला.

“उटा समदे. लेकीवाल्यांचा मान आदी. आज शिरगुंडीची मानसं वाढाय उबी ऱ्हातील.”

शिरगुंडीकरांना काही समजेना. बेळंबीच्या बायकांत लगेच कुजबुज सुरू झाली, की काय मनाची मोठी बाई आहे, अशी विहीण मिळायला भाग्य लागतं. टाकीपाशी बसम्मानं ते ऐकलं आणि तिला कळलं, की एवढ्या पाच पावलांत दानम्मानं हा सौदाही आपल्या नफ्यात लिहून घेतला.

वीरभद्रप्पांच्या हातात हुग्गीचा पहिला घास होता. तो तोंडाच्या बराच जवळ आला होता. त्यांनी बायकोकडं बघितलं, घासाकडं बघितलं.

“ह्यो गिळू का ठिवू?” त्यांनी विचारलं.

“गिळा,” दानम्मा म्हणाली. “पर उब्यानं.”